लीलाधर सरांच्या जवाबी तारा

"कुलपाला मत नसतं, झांबरे सर," असं म्हणून निवडणुकीच्या साहेबांनी कागदांचा गठ्ठा पुन्हा लीलाधर सरांच्या अंगावर ढकलला. "पंधरा घरांपुढे तुम्ही 'कुलूप' असं लिहून आणलंय. माणसं कुठे आहेत, किती आहेत, अठरा पूर्ण झालेली पोरं किती, मेलं कोण, गाव सोडून गेलं कोण, ते लिहा. आठवडा देतो. नाहीतर 'कारणे दाखवा' तयारच आहे."

अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळाला, ते साल. सरकारला तरुणांचा कळवळा आला की तो मास्तरांच्या सुट्टीतून वसूल होतो. त्यात हे जळगावचं मे महिन्याचं ऊन. दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडून भुंकत नाही, अशा उन्हात लीलाधर झांबरे, शिक्षक, विषय इंग्रजी, डोक्याला ओला रुमाल बांधून घरोघर मतदार मोजत फिरत होते. आणि मोजायचं कोणाला? त्यांची ती कॉलनी म्हणजे सगळी नोकरदारांची. प्रत्येकाचं मूळ गाव कुठेतरी चोपड्याकडे, पाचोऱ्याकडे, धुळ्याकडे. परीक्षा संपली की कॉलनी गावाकडे जायची आणि मागे उरायची कुलपं, तुळशीला पाणी घालायला सांगितलेले शेजारी आणि लीलाधर सर.

साहेबांच्या नोटिशीला सर एरवी भ्याले नसते. पण हे दिवस वेगळे होते. शाळेचे हेडमास्तर एप्रिलअखेर निवृत्त झाले होते आणि जूनमध्ये त्या खुर्चीवर कोण बसणार, हे संस्थेचे अध्यक्ष तोताराम आबा पाटील ठरवणार होते. सेवाज्येष्ठतेनं सर पहिले. पण दुसरे होते भटू बोरोले सर, विषय गणित. बोरोले आबांच्या शेतातली केळी कापायला आली की तिथे जाऊन आबांच्या पाठीमागे उभे राहायचे आणि "व्वा, काय घड आहे" असं म्हणायचे. सरांना हे जमत नसे. त्यांना केळीच आवडत नसत, आणि ही गोष्ट चोपड्याकडच्या बागायतदारापासून लपवून ठेवणं हेच त्यांचं आजवरचं मोठं राजकारण होतं. अशा वेळी 'कारणे दाखवा' आली तर बोरोले ती नोटीस स्वतःच्या सायकलवरून आबांपर्यंत पोचवतील, याबद्दल सरांना शंका नव्हती.

त्यात बोरोलेंनी आपली गल्ली दोन दिवसांत संपवली होती. तिथेही तेवढीच कुलपं होती. पण बोरोले घरी पंख्याखाली बसले, प्रत्येक कुलपाआड एक सुखी कुटुंब आहे असं त्यांनी मनाशी धरलं आणि फॉर्म भरून टाकले. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. सरांना हे पाप वाटलं. आपल्याला असं सुचलं नाही याचं वाईटही वाटलं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

कॉलनीत जे थोडे लोक उरले होते, ते सल्ला द्यायलाच उरले होते. समोरच्या तानुबाई म्हणाल्या, "सर, दूधवाल्याले विचारा ना. ज्याच्या घरी दोन लिटर जातं तिथं मतदार चार. मी सांगते ना." बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, पोस्टकार्ड टाका. पण लग्नसराईत पोस्टकार्डाला उत्तर द्यायचं म्हणजे आधी घरात पेन सापडलं पाहिजे. आणि तिसरे एक म्हणाले, "लिहून टाका हो, पाच-पाच. कोण बघतं?" हा सल्ला बोरोलेंच्या वळणाचा असल्यामुळे सरांनी तो बाणेदारपणे नाकारला.

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. जवाबी तार! तार करतानाच उत्तराचेही पैसे भरायचे. समोरच्याच्या हातात तारेबरोबर उत्तराचा फॉर्म आपोआप पडतो. त्याला खर्च नाही, कष्ट नाहीत. विजेच्या वेगानं प्रश्न जाणार आणि विजेच्या वेगानं उत्तर येणार. त्यात आबांचं कॉलनीतलं घरही कुलूपबंद होतं, म्हणजे एक तार आबांनाही जाणार. झांबरे सर कसं आधुनिक पद्धतीनं काम करतात, ते अध्यक्षांना घरबसल्या कळणार. बसल्या जागी सरांना हेडमास्तरांच्या दारावरची पाटी दिसायला लागली.

तारघरातल्या कारकुनानं पंधरा फॉर्म बघून चष्मा वर केला. "सर, शुभ की अशुभ?"

"निवडणूक," सर म्हणाले.

"तसं नसतं. तारेच्या दोनच जाती. एक लग्नाची आणि एक दुसरी."

"सरकारी काम आहे हे."

"मग सरकारी शिक्का आणा."

सर शिक्क्यासाठी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, तारेची तरतूद नाही, आणि तरतूद नसताना तार करायची असेल तर तसा अर्ज करा, तो वर पाठवू. सर परत आले आणि खिशातून पैसे भरले. कारकून म्हणाला, साधी तार लग्नाच्या ढिगाखाली दबेल, पाहिजे तर तातडीची करा. सरांनी तातडीची केली. मजकूर अस्सल इंग्रजीत होता. घरातले मतदार, मयत, स्थलांतरित, अठरा पूर्ण झालेले, सगळं विचारून खाली आपलं नाव: लीलाधर झांबरे, जळगाव. कारकुनानं तो मजकूर दोनदा वाचला. "इंग्रजी चांगलं आहे," तो म्हणाला, "पण तार वाचतं कोण?" सरांना वाटलं, हा आपला अपमान आहे. तो इशारा होता.

पंधरांखेरीज सोळावी तार पाचोऱ्याला गेली. तिथे कुंदाबाई, म्हणजे सौ. झांबरे, मुलांना घेऊन माहेरी गेल्या होत्या. स्वतःच्या घराचा फॉर्म भरताना सरांच्या लक्षात आलं होतं की आपल्याला बायकोची जन्मतारीख माहीत नाही. ती विचारायला त्यांनी पोस्टकार्डसुद्धा वापरलं नाही, सरळ तातडीची तार केली. याला नियमाचं प्रेम म्हणतात.

पहिलं उत्तर पाचोऱ्याहूनच आलं, आणि तेही देवनागरीत. कुंदाबाईंनी फुकटातला एकही शब्द वाया घालवला नव्हता. "वीस वर्षांत आजच आठवण झाली. बाबांना चक्कर आली. आई रडली. मी जिवंत. तारीख सांगणार नाही." सरांनी ते दोनदा वाचलं. चक्कर कशाला आली आणि रडायचं काय कारण, हे त्यांना कळेना. सासरच्या मंडळींचा स्वभावच हळवा, असं म्हणून त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसरं उत्तर थेट दिल्लीहून आलं. सरांचा दिल्लीशी काही संबंध नव्हता. झालं होतं असं, की रावेरकडे गेलेल्या एका कुटुंबानं सरांची तार न वाचता बाजूला ठेवली आणि उत्तराचा फुकट फॉर्म मिळाला म्हणून त्यावर दिल्लीच्या केळी व्यापाऱ्याला 'गाडी कधी पाठवता' असं विचारलं. उत्तराचा पत्ता म्हणून मूळ तारेतलाच पत्ता जसाच्या तसा उतरवला. त्यामुळे 'गाडी सोमवारी, माल कच्चा कापा' असा निरोप केळी न आवडणाऱ्या मास्तराला मिळाला.

तिसरी तार धुळ्याहून आली. वना सोनवणे, एसटीत कंडक्टर, कॉलनीतले शेजारी. मुलीच्या लग्नासाठी धुळ्याला गेलेले. उत्तर होतं, "तार मिळाली. आनंद झाला. समक्ष या." सरांनी विचार केला, निदान इथे माणूस बोलायला तयार आहे. त्यांनी पिशवी उचलली, फॉर्म घेतला आणि पहाटेच्या गाडीनं धुळं गाठलं.

मांडवात पोचल्यावर त्यांना उलगडा झाला. त्यांची तार इतर शुभेच्छांच्या तारांच्या गठ्ठ्यात गेली होती आणि लाउडस्पीकरवाल्यानं ती आदल्या दिवशी हळदीलाच न उघडता पुकारली होती, "जळगावहून लीलाधर सरांचे वधूवरांना शुभाशीर्वाद!" आता ते आशीर्वाद चालत आले म्हटल्यावर वना सोनवण्यांचे डोळे भरून आले. सरांना पहिल्या पंगतीत बसवलं, कपाळभर कुंकू लावलं, टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला. सरांनी फॉर्म काढून विचारलं, "वनाभाऊ, घरात अठरा पूर्ण कोण कोण?" वनाभाऊ म्हणाले, "सर, हा काय विचारायचा टाइम शे का? आधी जिलबी घ्या." रात्री मुक्काम तिथेच. फॉर्म कोराच राहिला आणि एका कोपऱ्यात त्याला जिलबीचा पाक लागला.

आता इकडे काय घडलं, ते सरांना नंतर कळलं. आपण आधी सांगू.

तोताराम आबांचं गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथे तार पोचली ती सर धुळ्याच्या गाडीत बसले त्याच सकाळी. पोस्टमन दारात आला, आणि सायकल भिंतीला टेकवायच्या आधी त्यानं टोपी काढली. खानदेशात कोणत्याही खेड्यात हीच रीत. तारवाल्याला कोणी चहा विचारत नाही. तोही थांबत नाही.

"कोठून उनी?" आबांनी विचारलं.

"जळगावथून. तातडीनी."

"नाव कोणं शे?"

"लीलाधर झांबरे."

आबा ओट्यावर मटकन बसले. आतून बायांनी गळा काढला. सून दहावी शिकलेली होती. ती म्हणाली, "आबा, वाची तरी ल्या."

"तार वाचानी नही ऱ्हास, पोरी," आबा म्हणाले. "तार उनी का निंघनं पडस."

आणि आबा निघाले. जीप, जीपमध्ये चार भाऊबंद. दुपारी कॉलनीत पोचले, तर सरांच्या दाराला कुलूप. तानुबाई बाहेर आल्या. "सर? आज पहाटे पिशवी घेऊन गेले. कुठं गेले ते नाही सांगितलं. दोन दिवसांपासून तोंड उतरलेलं होतं." तेवढ्यात आबांची जीप दिसल्यामुळे बोरोले सर सायकल दामटत आले. बातमी ऐकून त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "मी त्यांना सांगितलं होतं, उन्हात फिरू नका." झालं! तानुबाईंना कळलं की ऊन लागलं. शेजारच्या गल्लीत कळलं की गाडीतच ऊन लागलं. संध्याकाळपर्यंत कुठल्या दवाखान्यातला डॉक्टर काय म्हणाला, तेही लोकांना तोंडपाठ झालं होतं. फक्त तार उघडून बघावी असं कोणाला वाटलं नाही. ती आबांच्या खिशात होती. अशी तार पुन्हा पुन्हा काढून बघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाधर सर कॉलनीत शिरले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर नवा टॉवेल, कपाळभर कुंकू, हातात नारळ. त्यांच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि मधोमध पिठलं-भाकरीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी कडू घास आणतात. तानुबाईंनी सरांना बघितलं आणि किंकाळी फोडली. पण बाई खंबीर. श्वास घेऊन म्हणाल्या, "अहो सर, तुम्ही इथं काय करता? तिकडे शाळेत तुमची शोकसभा सुरू झाली!"

सर तसेच शाळेकडे निघाले. रस्त्यात त्यांना राग यायला पाहिजे होता. पण खरं सांगायचं तर त्यांना आधी उत्सुकता वाटली. आपल्याबद्दल लोक काय बोलतात, हे ऐकायची संधी माणसाला सहसा उशिरा मिळते.

शाळेत मुलं सुट्टीवर, म्हणून बाकांवर मास्तर बसले होते. सरांचा वेगळा फोटो सापडला नव्हता, तेव्हा स्टाफचा ग्रुपफोटो खुर्चीवर ठेवला होता. त्यात सरांच्या शेजारी बोरोले उभे असल्यामुळे हार दोघांच्याही गळ्यात पडत होता आणि बोरोले मधूनमधून उठून तो सरकवत होते. सर दाराबाहेर थांबले. आबा बोलत होते. सभेत बोलताना आबा शहरी मराठी वापरत.

"झांबरे सर म्हणजे हिरा. असा इंग्रजीचा माणूस जिल्ह्यात नाही. आज सांगायला हरकत नाही. जूनपासून त्यांनाच हेडमास्तर करायचं, असं माझ्या मनात पक्कं होतं. पण देवाच्या मनात नव्हतं. आता ही खुर्ची रिकामी ठेवून त्यांच्या आत्म्याला शांती मिळणार नाही. म्हणून भटू बोरोले सरांचं नाव मी इथेच जाहीर करतो." टाळ्या वाजल्या, मग शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे आठवून थांबल्या. "आता दोन मिनिटं उभं राहू."

सगळे उठले. माना खाली, डोळे मिटलेले. सर आत आले. आता ओरडावं की नाही, त्यांना समजेना. वीस वर्षांची मास्तरकी अंगात मुरलेली. शांतता पाळायची म्हटल्यावर हा माणूस मोडणार कसा? नारळ बाकावर ठेवून तेही मागच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी स्वतःसाठी दोन मिनिटं शांतता पाळली. अगदी पूर्ण. त्या दोन मिनिटांत त्यांनी आबांचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हटलं. आबांच्या मनात पक्कं होतं! इतकी वर्षं ज्यासाठी झुरलो ते झालेलंच होतं!

शांतता संपली. डोळे उघडले. मागच्या बाकावरच्या ड्रॉइंगच्या मास्तरानं वळून बघितलं आणि तो खाली बसला. मग एकेक जण बसत गेला. उभे राहिले फक्त आबा, बोरोले आणि मयत.

"सर," आबा सभेतली मराठी विसरले. "तुम्ही जित्ता शेतस?"

"हो आबा. मी धुळ्याला लग्नाला गेलो होतो. तार मी केली होती. मतदार किती ते विचारायला." आबांनी खिशातून तार काढली आणि बोरोलेंच्या हातात दिली. बोरोलेंनी ती वाचली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख त्या दिवसात पहिल्यांदा खरं वाटलं.

सर पुढे आले. "आबा, आपण आता म्हणालात, हेडमास्तर मलाच करायचं पक्कं होतं."

आबांनी हाराकडे बघितलं, बोरोलेंकडे बघितलं, चार भाऊबंदांकडे बघितलं. मग सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी अगदी मायेनं सांगितलं, "सर, मी बोलनू ते मरेल माणूसबद्दल बोलनू. जित्ता माणूसनं तसं काही ठरेल नव्हतं."

"पण आबा..."

"आते मी चार लोकेसमोर बोली गऊ. शब्द कसा फिरावू? तुम्ही शेतस, हाई चांगलीच गोष्ट शे. चहा ल्या."

सरांना फार लागलं. मेल्यावर हिरा आणि जिवंतपणी चहा! त्यांनी चहा घेतला नाही. घरी आले, ओट्यावरून बायकांना निरोप दिला आणि मग पातेल्याजवळ बसून स्वतःचा कडू घास स्वतःच खाल्ला. पिठलं बरं झालं होतं. दोन भाकऱ्या संपल्यावर त्यांना रडू आलं, पण तेव्हा बघायला कोणी नव्हतं.

उरलेली उत्तरं पुढच्या दोन दिवसांत आली. 'फार वाईट झालं. केळी कापणी. दहाव्याला येतो.' 'वहिनींना धीर द्या. आमच्या कुंडीला पाणी घाला.' एकानं पत्ता नीट लिहून विचारलं होतं, सरांची सायकल विकायची आहे का. मतदार किती, हे एकानंही कळवलं नव्हतं. सरांनी तो सगळा गठ्ठा साहेबांपुढे ठेवला.

"यातून मतदार किती निघतात?" साहेबांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. शोकाकुल बरेच निघतात."

साहेबांनी 'कारणे दाखवा' दिली आणि शेवटी सल्लाही दिला, "जरा बोरोले सरांकडून शिका." बोरोले सरांच्या गल्लीतली ती सुखी कुटुंबं यादीत छापून आली, आणि आजही त्यातलं कोणी आजारीसुद्धा पडलेलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. हेडमास्तरांच्या दारावर बोरोलेंची पाटी लागली. पहिल्याच दिवशी त्यांनी सरांना आत बोलावलं आणि पुढच्या मतदार नोंदणीसाठी शाळेतर्फे त्यांचंच नाव कळवल्याचं सांगितलं. "तुमचा अनुभव दांडगा आहे," ते म्हणाले. सर बाहेर आले तेव्हा दारात तारवाला उभा होता.

तार शिंदखेड्याहून होती. कोपऱ्यावरच्या घरातल्या इंदिराबाई, निवृत्त नर्स, एकट्या राहणाऱ्या, मे महिन्यात भावाकडे गेल्या होत्या. मागच्या यादीतून त्यांचं नाव उडालं होतं, आणि जाताना त्या सरांना बजावून गेल्या होत्या की या वेळी विसरू नका. पंधरा कुलपांपैकी हे एक. तार त्यांच्या हातात उशिरा पडली असावी, पण त्यांनी ती उघडली होती, वाचली होती आणि विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर दिलं होतं. सगळ्या खानदेशात एकट्या त्यांनी.

"घरात मतदार एक. मी. वय एकाहत्तर. हयात आहे. इकडे तुमच्याबद्दल वेगळंच ऐकलं. तुम्ही हयात का?"

सर मधल्या सुट्टीत सायकल काढून तारघरात गेले. कारकुनानं ओळखलं. काढायला टोपी नव्हती म्हणून त्यानं नुसतंच डोकं खाजवलं. "सर, शुभ की अशुभ?"

सरांनी कोरा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. मागे लग्नाच्या तारा करायला आलेली माणसं खोळंबली होती.

"लिहा," ते म्हणाले. "तुमचं नाव घातलं. माझी पडताळणी चालू आहे."